सोसायटीच्या कपाटात ड्रॅगन ठेवावेत का?

टकटक

नमस्कार. प्रश्न छोटा आहे, पूर्वपीठिका मोठी. घाई असलेल्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदावर जावं, मला राग नाही.

कोथरूडला आमची चार विंगची सोसायटी आहे. क्लबहाउसमध्ये दोन लोखंडी कपाटं आहेत, त्यांना आम्ही वाचनालय म्हणतो. किल्ली माझ्याकडे. जुने दिवाळी अंक, ज्ञानेश्वरीच्या चार प्रती (घर सोडून जाणारा प्रत्येक जण एक ठेवून जातो) आणि मधुमेहावरची पुस्तकं, ही मुख्य संपत्ती. यंदा गणपतीच्या वर्गणीतले ६,००० रुपये उरले, ते कमिटीने वाचनालयाला दिले. अट एकच. पुस्तकं तरुण मुलांना हवी तीच आणायची, कारण कपाटाकडे साठीच्या आतलं कुणी फिरकत नाही. मुलांकडून यादी मागवली. बावीस नावं आली, त्यातली एकोणीस इंग्रजी, आणि मुखपृष्ठावर तलवार, नाहीतर मुकुट, नाहीतर दोन्हींना विळखा घातलेली काटेरी वेल. याला 'रोमँटसी' म्हणतात, हे मला सी विंगमधल्या अकरावीच्या मुलीने समजावलं. रोमान्स अधिक फँटसी. मी म्हटलं, म्हणजे राजपुत्र, राक्षस आणि पोपटात जीव? ती म्हणाली, "साधारण तसंच. पण राक्षसच हीरो असतो."

न वाचता लोकांचा पैसा खर्च करायचा नाही, ही चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीची खोड. (टंकलेखिका म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून सुटले.) तेव्हा चार पुस्तकं भाचीकडून आणली, एक शेजारच्या मुलाकडून, एक रस्त्यावर विकत घेतलं, आणि गेले दोन महिने हेच चाललंय. घरातून रोज विचारणा होते, "आज काय, भूत का चुंबन?"

सुरुवात 'फोर्थ विंग'पासून केली, कारण ते नाव पाच जणांनी लिहिलं होतं. रिबेका यारोस, २०२३. ड्रॅगनस्वारांची सैनिकी शाळा. नायिका व्हायलेट अंगाने नाजूक, सांधे जरा ताणले की निखळणार. तिला लेखनिकांच्या शाखेत जायचंय, पण आई सेनापती, ती ओढून ड्रॅगनशाखेत टाकते. (मला आपल्याकडचे इंजिनिअरिंगचे प्रवेश आठवले.) पहिल्याच दिवशी एका अरुंद कठड्यावरून पलीकडे चालत जायचं, पडला तो मेला. ते प्रकरण मी कुकर लावून वाचायला बसले आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. खिचडीचा लगदा झाला. बाईंना पान उलटायला लावता येतं, यात शंका नाही. पण तो नायक झेडन! त्याचा जबडा, त्याचे खांदे, त्याच्या डोळ्यांतली छटा. माणूस दिसायला कसा आहे हे एकदा सांगून भागतं, दर प्रकरणात पंचनामा कशाला? आणि दोघं एकत्र का येतात? तर तिचा ड्रॅगन आणि त्याची ड्रॅगनीण हे जोडपं आहे, त्यांना फार काळ लांब राहणं सोसत नाही, म्हणून स्वारांनाही जवळपास राहावं लागतं. म्हणजे पत्रिका ड्रॅगननी जुळवली. ठरवून केलेलंच लग्न, मध्यस्थाला पंख आहेत एवढंच.

एक तक्रार माझी मलाच. ही प्रत मी पदपथावरच्या ढिगातून निम्म्याहून कमी किमतीत घेतली. ३८४ नंतर ३५३ आलं. पुन्हा तीच बत्तीस पानं. मग एकदम ४१७. म्हणजे एक फॉर्मा दोनदा बांधला आणि पुढचा गायब. ४१७ वर दोघांचं एकमेकांशी वागणं पार बदललेलं आहे. मधे काय घडलं, ईश्वर जाणे.

'डिव्हाइन रायव्हल्स' (रिबेका रॉस, हेही २०२३) मात्र मी दोनदा वाचलं. का, ते उघड आहे. त्यात टाइपरायटर आहे! आयरिस आणि रोमन एकाच वर्तमानपत्रात, एकाच जागेसाठी स्पर्धा. तिचा भाऊ युद्धावर गेलाय, पत्र येत नाही. ती आजीच्या टाइपरायटरवर त्याला पत्रं लिहिते आणि कपाटाच्या दाराखालून सरकवते. पत्रं नाहीशी होतात. पोचतात कुणाकडे, तर त्या रोमनकडे. तो नाव न सांगता उत्तर देतो. देवादेवांचं युद्ध आहे मागे, पण ते मला खरं वाटलं नाही, रंगवलेल्या पडद्यासारखं. पत्रं खरी वाटली. आपण ज्याच्यावर दिवसभर खार खातो तोच रात्री कागदावर शहाण्यासारखा बोलतोय, ही कल्पना जुनीच. पण इथे एक बारकावा आहे. रोमनला माहीत असतं, तिला नसतं. त्यामुळे दर पत्रागणिक त्याचं ओझं वाढत जातं, आणि आपण तिच्यापेक्षा त्याच्या काळजीने वाचतो. यंत्राबद्दल एक कुरकूर. मी साडेतीनशे पानं बोटाला लागलेली रिबनची शाई शोधत होते. मला सापडली नाही. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की दांड्या एकमेकींत अडकतात, त्या बोटाने सोडवाव्या लागतात आणि बोट काळं होतं. तिथे प्रेमपत्र लिहिणारी मुलगी दिसली असती.

'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज', हेदर फॉसेट, पुन्हा २०२३. केंब्रिजची प्राध्यापिका १९०९ साली उत्तरेतल्या एका बर्फाळ खेड्यात पऱ्यांचा अभ्यास करायला जाते. सगळं पुस्तक तिची रोजनिशी, तीही तळटीपांसकट. बाईला पऱ्यांचे सगळे कायदे पाठ, पण गावकऱ्यांशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. भांडारकर संस्थेच्या आवारात अशी दोन-तीन माणसं मी स्वतः पाहिली आहेत. तिच्या मागोमाग एक आळशी, देखणा सहकारी येऊन टपकतो आणि तिच्या संशोधनात लुडबुड करतो. मला सगळ्यांत आवडलेलं हेच. कारण प्रेमसुद्धा ती नोंद केल्यासारखं लिहिते, आणि नोंद करताना जे लिहायचं टाळते ते आपल्याला दिसतं.

'लेजन्ड्स अँड लाटेज' (ट्रॅव्हिस बाल्ड्री, २०२२) हे शेजारच्या मुलाचं. एक धिप्पाड राक्षसीण तलवार खाली ठेवते आणि ज्या शहरात कॉफी कुणी ऐकलेलीही नाही तिथे कॉफीचं दुकान काढते. बास. सुतार कसा मिळाला, बाकं कशी केली, पहिल्या दिवशी गिऱ्हाइकच कसं आलं नाही, उंदरासारखा दिसणारा बल्लव दालचिनीचे रोल काय करतो. प्रेम इतकं हळू की मी एकदा चष्मा पुसून मागे जाऊन पाहिलं, सुरू नक्की कधी झालं म्हणून. वाचून झाल्यावर कँपात जाऊन इराण्याकडे बनमस्का खाल्ला.

'ब्राइड' (अ‍ॅली हेझलवूड, २०२४): व्हँपायर मुलगी, लांडगामानव नवरा, दोन जमातींच्या तहासाठी लग्न. विनोद बरा, बाकी माझ्यासाठी नाही. 'बुक लव्हर्स' (एमिली हेन्री, २०२२) मध्ये जादू नाहीच, न्यूयॉर्कची एक साहित्यिक एजंट आणि एक संपादक. त्यातली प्रेमकथा मी विसरले. दोन बहिणींची गोष्ट लक्षात राहिली.

दोन महिन्यांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. प्रेमकथा म्हणजे प्रेमाची गोष्ट नव्हेच, अडसराची गोष्ट. आमच्या वेळच्या कादंबऱ्यांत मुलीचे वडील एकदा "नाही" म्हणाले की दोनशे पानं निघायची. आता न्यूयॉर्कमधल्या दोन कमावत्या माणसांना कोण नाही म्हणणार? एकमेकांना आवडले, चला, संपली गोष्ट. म्हणून मग बिचाऱ्या लेखकांना अडसर शोधत ड्रॅगन, पऱ्या आणि लांडग्यांच्या मुलखात जावं लागलं. ज्या पुस्तकात अडसर खरा, ते पुस्तक खरं. ज्यात तो खांद्या-जबड्याची वर्णनं लांबवायला ठेवलाय, ते बुजगावणं. (बरं, मुलूख तरी लांबचा कशाला? आपल्याकडे अख्खी टेकडी वेताळाच्या नावावर आहे, आणि तिथे आपण फक्त वजन उतरवायला जातो.)

तर प्रश्न. ६,००० रुपयांत काय घ्यावं? 'तसली' पानं असलेली पुस्तकं उघड्या कपाटात ठेवावीत का? आणि या जातीचं मराठीत काही आहे का?

खराडी_लोकल

काकू, आधी महत्त्वाचं. तुमची जी बत्तीस पानं गायब आहेत ना... तीच. म्हणजे तुमच्या प्रतीचं मला माहीत नाही, पण साधारण त्याच सुमाराला. याहून जास्त लिहीत नाही, माझी आई पण इथे वाचते.

आता भांडण. मी रोज वनाजला मेट्रोत बसते, रामवाडीपर्यंत दोन प्रकरणं होतात, पुढे खराडीपर्यंत शेअर रिक्षात मान खाली घालून उरलेलं. गेल्या दोन वर्षांत 'फोर्थ विंग' आणि त्याचे पुढचे भाग, 'आयर्न फ्लेम' आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेलं 'ऑनिक्स स्टॉर्म', असेच संपवले. मलाही झेडनच्या जबड्याचा कंटाळा आला होता, मान्य. पण तुम्ही खोगिराचं काहीच बोलला नाहीत!

दोन वर्षांपूर्वी गाडी घसरून माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन, मग सहा महिने फिजिओ, अजून जिना उतरताना आधी कठडा पकडते. ऑफिसमध्ये दोन प्रकारची माणसं भेटली. एक, "अगं तू बस, तू नको येऊस ट्रेकला." दोन, "काही होत नाही, मनाची ताकद पाहिजे." व्हायलेटला ड्रॅगनच्या पाठीवर मांड टिकवता येत नाही, पडते, कारण मांड्यांत आणि सांध्यांत तेवढी ताकद नाही. बाकी कुणी खोगीर वापरत नाही, त्यामुळे वापरणं म्हणजे कमीपणा. झेडन तिला घरी बस म्हणत नाही, मन घट्ट कर असंही म्हणत नाही. तो खोगीर करून आणतो. मला तो तिथे आवडला, खांद्यांमुळे नाही. यारोसबाईंना स्वतःला सांधे सैल असण्याचा आजार आहे, एहलर्स-डॅनलॉस, त्यांनी तो मुलाखतींमधून सांगितलाय. सकाळी उठून कुठला सांधा कसा बांधायचा हे ज्या तपशिलाने येतं ते अनुभवाशिवाय लिहिता येत नाही. मी ती पानं फिजिओच्या टेबलावर पाय वर करून वाचली आहेत.

आणि दुसरं, अडसर संपलेत म्हणून ड्रॅगन आणावे लागले, हे न्यूयॉर्कचं असेल. माझ्या मावसबहिणीने दीड वर्षापूर्वी घरी सांगितलं की मुलगा आपल्यातला नाही. काकांनी आरडाओरडा केला नाही. ते बोलायचेच थांबले. आठ महिने. ताट वाढलं की उठून दुसऱ्या खोलीत. हे पुण्यात, दोघं इंजिनिअर, मुलाचं स्वतःचं घर. मावशी मधल्या मधे जेवायची विसरली. तेव्हा रात्री दोन वाजता ती बहीण मला फोनवर ड्रॅगनची गोष्ट सांगायला लावायची. ड्रॅगनला आग लागते, तलवार लागते, तो पडतो. काकांच्या गप्प बसण्याला काय लागतं? आम्ही अडसर शोधायला तिकडे जात नाही हो काकू, हरणारा अडसर बघायला जातो.

यादीत 'द जॅस्मिन थ्रोन' नसेल तर घाला. ताशा सुरी, २०२१. आपल्याकडचा वास असलेला मुलूख आहे, फेअरी-बिअरी नाही. भावाच्या हुकमावरून एका उजाड मंदिरात कोंडलेली राजकन्या आणि तिथे कामाला आलेली दासी. दोघीही जे दिसतात ते नाहीत. दोघींचं प्रेम आहे, आणि तुमच्या कसोटीला उतरेल असा अडसर: दोघींपैकी एकीलाही दुसरीवर विश्वास ठेवणं परवडणारं नाही. सुरुवात संथ आहे, शंभर पानं कळ काढा.

जाता जाता: तुमचा अडसर काय होता काकू? नाही सांगायचं तर नका सांगू.

तिरकस

चोरून छापलेली प्रत घ्यायची आणि वर पानं कमी निघाली म्हणून रडायचं. दुकानात गेला असता तर लेखिकेला पैसे मिळाले असते आणि तुम्हाला ती बत्तीस पानं. पुण्यात स्वस्त आणि पूर्ण या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

जुना_बाजार

टकटकताई, लेखन आवडलं. आता दुरुस्त्या.

'रोमँटसी' हा नवा शब्द, माल जुना. मराठी कादंबरी लहानाची मोठी झाली तीच या घरात. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. सुंदर नायिका, संकटांची माळ, विलक्षण योगायोग, शेवटी मीलन. समीक्षकांनी त्याला 'अद्भुतरम्य' असं नाव दिलं आणि पुढची शंभर वर्षं ते नाव शिवीसारखं वापरलं. वि. का. राजवाड्यांनी १९०२ मध्ये 'कादंबरी' नावाचा निबंध लिहिला, अद्भुत का वास्तव हा वाद आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे. तेव्हा तुमच्या अकरावीच्या मुलीला सांगा की तिचे पणजोबा हेच वाचत होते, फक्त कंदिलाखाली आणि लपवून.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. होतं, आपणच ते खालच्या फळीवर ढकललं. वास्तववाद आला हे चांगलंच झालं, पण त्याने येताना दार आतून लावून घेतलं. मुलांसाठी अद्भुत चाललं, भुताखेतांचं चाललं. मोठ्या माणसांचं प्रेम आणि जादू एकत्र म्हटलं की "बालिश". मी स्वतः रविवारी जुन्या बाजारात ढीग उपसतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लायब्ररी-प्रती निघतात, खळीचं बाइंडिंग, मागे तारखांचे शिक्के. भयकथांच्या पाठीवर इतके शिक्के की कागद दिसत नाही. आणि शेजारी त्याच लायब्ररीचा बक्षीसपात्र वास्तववाद, तीन शिक्के.

'तसल्या' पानांबद्दल. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचं नाव तुमच्या पिढीला सांगायला नको. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'शामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. हायकोर्टाने दोषी ठरवलं आणि शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. मुद्दा एवढाच, की देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने एक मराठी दिवाळी अंक उघडून बसावं आणि यात वावगं काही नाही म्हणावं, हे होऊन गेलंय. सोसायटीच्या कमिटीने त्यापेक्षा कडक असू नये.

एका मताशी मात्र सहमत नाही. वडिलांच्या "नाही"वर निघालेली ती दोनशे पानं तुम्ही आठवणीत गोड करून ठेवली आहेत. मी अलीकडे पुन्हा वाचली. दीडशे पानं पावसाचं वर्णन आहे.

खराडी_लोकल, खोगिराचं तुम्ही जे लिहिलंत त्यासाठी ते पुस्तक वाचेन. असली प्रत.

दोन_मुलांची_आई

उपयोगाचं तेवढं लिहिते, डबे भरायचेत.

मुखपृष्ठावरून वय कळत नाही, इथेच आपण फसतो. 'डिव्हाइन रायव्हल्स' किशोरवयीन मुलांसाठी म्हणून काढलेलं आहे. 'फोर्थ विंग' प्रौढांसाठी. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी वाटतात. सॅरा मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' तर २०१५ मध्ये किशोर विभागात आली होती, पुढे २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून प्रौढ विभागात गेली. आतला मजकूर तोच! मी पहिल्या भागाची जुनी प्रत तेरा वर्षांच्या लेकीला वाढदिवसाला दिली आणि पुढचे भाग चाळल्यावर माझ्या हातातला पोळपाट पडायचा राहिला. परत मागितली तर म्हणते, "आई, माझं वाचून झालं, तुला हवं तर वाच." वाचलं. आम्ही दोघी त्यावर बोललो, अवघडत का होईना. न देता हे बोलणं झालं नसतं, त्यामुळे मी आता कुलूपवाली राहिलेले नाही.

पण सोसायटीचं कपाट म्हणजे घर नव्हे, तिथे दुसऱ्याची मुलं येतात. एक फळी सोळाच्या वर, वहीत नोंद करूनच द्यायची. आणि घाई नसेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथे पुस्तकं हाताळून बघता येतात. गर्दी फार, शनिवार-रविवार जाऊ नका.

टकटक

सगळ्यांना धन्यवाद. उशीर झाला, मधे कमिटीची मीटिंग होती.

तिरकस, बरोबर आहे. उत्तर नाही. भुर्दंड भरला, खाली लिहिते.

जुना_बाजार, पावसाचं खरं आहे. तुमचं वाचून मीही एक जुनी काढून पाहिली. पहिल्या साठ पानांत चार वेळा वीज चमकते आणि चारही वेळा नायिका खिडकीत उभी असते. माझ्या आठवणीत फक्त वडील राहिले होते. काकोडकरांचा खटला मी मीटिंगमध्ये सांगितला. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, सुप्रीम कोर्टापर्यंत जायची आपली वर्गणी नाही." पण ठराव झाला: सोळाच्या वरची फळी आणि नोंदवही. दोन_मुलांची_आई, हे तुमच्यामुळे.

खराडी_लोकल, तुझं दोनदा वाचलं. खोगीर मी वाचलं होतं आणि ओलांडून गेले होते, कारण मला तोवर जबड्याचा राग आलेला. चूक माझी. अडसराचंही तू म्हणतेस तेच असावं. मी आपली निवृत्त बाई, मला वाटलं सगळं सोपं झालंय. आमच्याच मजल्यावर एक घर आहे जिथे दोन वर्षं मुलीचं नाव घेत नाहीत, हे मला माहीत असून लिहिताना आठवलं नाही.

आता तू विचारलंस म्हणून. माझा अडसर फार मोठा नव्हता, पण होता. आमचे हे त्याच कचेरीत आवक-जावकला. माझ्या वडिलांचं म्हणणं, पोरगा चांगला आहे पण कायम झालेला नाही. कायम होईपर्यंत भेटायचं नाही. आता एकाच कचेरीत न भेटणार कसं? पण आम्ही आज्ञाधारक, बोलायचो नाही. १९८९ ची गोष्ट. एकदा जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेलेले असताना मी यंत्रावर त्यांना पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं. सवयीने कागदाखाली कार्बन घातला आणि दुसरी प्रतही निघाली. पत्र मी स्वतः जाऊन त्यांच्या टपालाच्या खोक्यात टाकलं, परत आले तर टेबलावर कार्बनप्रत नाही. शिपायाने जावक समजून फायलीला लावली. कुठल्या, ते आजवर कळलं नाही. आठ महिने मी रोज कचेरीत जाताना पोटात गोळा घेऊन जात होते. नंतर हे कायम झाले, लग्न झालं, दोन साहेब बदलले, कचेरीची जागा बदलली. ती प्रत एखाद्या अभिलेखकक्षात लाल फितीत बांधलेली असेल, जावक क्रमांकासकट. म्हणून कपाटाच्या दाराखालून पत्रं नाहीशी होतात, हे वाचून मला जादूबिदू काही वाटली नाही.

तर आणलं ते असं. 'डिव्हाइन रायव्हल्स' आणि त्याचा पुढचा भाग, 'एमिली वाइल्ड', 'लेजन्ड्स अँड लाटेज', 'द जॅस्मिन थ्रोन', आणि 'फोर्थ विंग' दुकानातून, पावतीसकट. 'ब्राइड' नाही घेतलं, कुणाला हवं असेल तर भाचीकडून मागवून देईन. बाकीच्या पैशांचं डिसेंबरात बघू, त्यात दोन तरी मराठी आणायची आहेत. पहिलं पुस्तक नेलं कुणी, तर बी विंगमधल्या ब्याऐंशी वर्षांच्या अप्पांनी. कॉफीच्या दुकानाचं. चार दिवसांनी परत आणून म्हणाले, "भाडं किती होतं जागेचं, ते कुठे लिहिलेलं नाही."

'फोर्थ विंग'ची जुनी प्रत रद्दीत टाकली. नवी आल्यावर आधी ३८५ वर गेले. चहा ठेवला होता, तो आटून पातेलं करपलं.

खराडी_लोकल, 'आयर्न फ्लेम' कपाटासाठी घेऊ का माझ्यासाठी, तेवढं सांग. माझ्यासाठी असेल तर वर्गणीतून घेता येणार नाही.